तीन बंदुका, एक काडतूस

शनिवार, ३ फेब्रुवारी

…आणि तिसऱ्यांदा अडकलं. रिकामी पुंगळी बाहेर उडायच्या ऐवजी पिस्तुलाच्या फटीत उभी राहिली, दातात अडकलेल्या काडीसारखी. शेजारच्या लेनमधल्या बाईंनी कानावरचं झाकण उचलून माझ्याकडे पाहिलं. मी पुंगळीकडे बघून मान डोलावली, जणू हेच अपेक्षित होतं. तसं ते होतंच. याला निरीक्षण म्हणतात.

निळा डबा बाद.

थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवतो. घरात बंदुका तीन. हिची पन्नास मीटरची रायफल, माझं पिस्तूल, आणि मेहुण्याची जुनी बंदूक. मेहुण्याच्या घरात जागा नाही, म्हणून ती आमच्या कपाटात असते. तिन्हींना काडतूस एकाच मापाचं लागतं, पॉइंट टू टू रिमफायर.

निवडचाचणी पंचवीस तारखेला. संघात जागा तीन. गेल्या वर्षी ही चौथी आली. यंदाचं शेवटचं, असं तिने जाहीर केलंय. त्या दिवसासाठी तिने पांढऱ्या डब्यातली काडतुसं राखून ठेवली आहेत, दोन डबे. ती म्हणे तिच्या रायफलीला मानवतात. तो लॉट, म्हणजे त्या खेपेचा माल, आता मिळत नाही. संघात निवड झालीच तर पुढे काय वापरायचं, म्हणून काल मला म्हणाली, "अहो, दुकानातून चार प्रकारचे एकेक डबे आणून ठेवा. सावकाश बघू."

सावकाश बघू. आमच्या दोघांत फरक आहे तो इथे. मी आज सकाळीच आणले: निळा, लाल, पिवळा, हिरवा.

संकल्प: तिन्ही बंदुकांना चालेल असं एकच काडतूस शोधायचं. चाचणीच्या आत.

रविवार, ४ फेब्रुवारी

दुकानदाराशी वाद. मी म्हटलं, तिन्ही बंदुकांना चालेल असं एक काडतूस सुचवा. तो म्हणाला, फुटायचं म्हटलं तर कुठलंही फुटेल, नेमकं लागायचं असेल तर प्रत्येक बंदुकीची आवड वेगळी. एकाच कंपनीचा एकाच रंगाचा डबा, पण लॉट बदलला की वागणूक बदलते. "ज्या रायफलीत वापरायचं त्याच रायफलीत मारून बघा, आवडला तर त्याच लॉटचे डबे उचला."

मी म्हटलं, यामागे काही सिद्धांत आहे की नुसता अनुभव? तो छताकडे बघायला लागला. असे लोक प्रश्नाला घाबरतात.

पद्धत ठरली. रायफलीला गालाची पट्टी, खांद्याची पट्टी, सगळं हिच्या मापाचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही हा घरातला कायदा. ही म्हणालीय, सुट्टी मिळाली की मी पडून मारते, तुम्ही बाजूला बसा. पण माणूस आला की चूक आली. चाचणीतून नेमबाज वगळला पाहिजे. रायफलही वगळली तर निकाल आणखी शुद्ध.

शिवाय तिघांत नाठाळ माझं पिस्तूल. हिच्या रायफलीत प्रत्येक काडतूस हाताने भरतात, बिचारी काही मागत नाही. पिस्तूल स्वतः पुंगळी फेकतं, स्वतः पुढचं काडतूस ओढतं, त्यासाठी बारात जोर लागतो. जे नाठाळाला चालेल ते शहाण्याला चालणारच. इतकी साधी गोष्ट अजून कोणाला सुचली कशी नाही?

मंगळवार, ६ फेब्रुवारी

ऑफिसमधून लवकर निघालो. कारण दात सांगितलं.

निळा मवाळ आहे, अडकतो, हे सिद्धच होतं. लाल जोरदार. एकदाही अडकला नाही, पण टार्गेटवर गोळ्या एकमेकींशी भांडल्यासारख्या लांब लांब. पिवळ्यातली दोन वाजलीच नाहीत. नुसतं टक. रिमफायरमध्ये ठिणगीचा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, पिन त्या कडेवर आपटते. मसाला सगळीकडे सारखा पसरला नसेल आणि पिन नेमकी मोकळ्या जागी आपटली, की संपलं.

हिरवा मात्र समतोल. कधी अडकतो, कधी नाही. बऱ्याच गोळ्या जवळ जवळ, मधूनच एखादी भलतीकडे. कुठलाच टोकाचा दोष नाही. माझ्या स्वभावाशी जुळतो.

मेहुणा रेंजवर आला होता. पद्धत समजावून सांगितली. म्हणाला, "म्हणजे भाऊजी, ताईला चष्मा करायचाय आणि डोळे तुमचे तपासताय!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. तो पाण्याचे पंप विकतो. विज्ञानाशी संबंध नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

ही दवाखान्याच्या एक्स-रे विभागात दिवसभर ड्यूटीवर.

आज एक उणीव लक्षात आली. हिरवा चांगला, पण कशापेक्षा? तुलनेला आधार हवा. ज्याला घरात इतकी वर्षं डोक्यावर घेतलंय त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय निकालाला अर्थ नाही. पांढरा डबा उघडला. पाचच मारणार.

संध्याकाळी: पाचांवरून सरासरी निघत नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

एक पांढरा डबा संपला. निष्कर्ष धक्कादायक. पांढरं काडतूस माझ्या पिस्तुलात निळ्याइतकंच अडकतं! हिची इतक्या वर्षांची श्रद्धा. हलक्या हाताने सांगावं लागेल. आज नको, तिची पाठ धरलीय.

निवडचाचणी साठ गोळ्यांची, त्याआधी सरावाच्या थोड्या. उरलेल्या डब्यात पन्नास. म्हणजे प्रश्न फक्त काही गोळ्यांचा आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

दुकानदार म्हणाला, तो लॉट संपून दोन वर्षं झाली. मी म्हटलं, मूठभरच हवीत. म्हणाला, मुठीतही नाहीत. मी विचारलं, तुमच्या ओळखीत कोणाकडे? म्हणाला, "ज्याच्याकडे असतील तो सांगेल होय? बाईंना विचारा. त्यांनी जपून ठेवली असतील."

याच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

मेहुण्याच्या बंदुकीची चाचणी. पांढऱ्याचा दुसरा डबा बरोबर नेला. नाहीतरी एक डबा निवडचाचणीला अपुराच होता, आणि अपुरी वस्तू जपण्यात अर्थ नाही. त्यातून ज्ञान तरी मिळावं.

पांढरं दोनदा वाजलं नाही. हिरवं तीनदा. मेहुणा म्हणाला, काडतुसाला काय नावं ठेवता, माझ्या बंदुकीची स्प्रिंग म्हातारी झालीय, पिन नुसती गुदगुल्या करते. मी म्हटलं, कारणं देऊ नका, आकडे बघा. तो म्हणाला, "आकडे बघतोय. हा पांढरा डबाही बघतोय. ताईचा नाही ना हा?"

मी म्हटलं, नाही.

हे का म्हटलं ते कळलं नाही. चर्चा भरकटू नये म्हणून असेल.

उरलेली पांढरी पुन्हा पिस्तुलात मारली. अर्धवट आकडे म्हणजे आकडेच नव्हेत. घरी बॅग रिकामी करताना दोन्ही पांढरे डबे फार हलके लागले. कपाटात होते तिथे ठेवले.

रविवार, १८ फेब्रुवारी

अंतिम निकाल: हिरवा. तिन्ही बंदुकांत तो सारखाच चालतो.

हे वाक्य लिहून बराच वेळ बघत बसलो. सारखाच म्हणजे कसा, हा प्रश्न उगाचच मनात येत होता. जेवायला बोलावलं, उठलो.

बुधवार, २१ फेब्रुवारी

जेवताना ही म्हणाली, "यंदा हात शांत आहे हो. बोलू नये, पण जमेल असं वाटतंय." मी म्हटलं, जमणारच. मग म्हणाली, "ते दोन डबे जागच्या जागी आहेत ना?"

मी म्हटलं, डबे जागच्या जागी आहेत. यात एकही शब्द खोटा नाही.

रात्री झोप नीट नाही. कॉफी कमी करायची.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

सकाळी ही गेल्यावर पांढऱ्या डब्यांत हिरवी काडतुसं भरली. पुन्हा दुकानात जावं लागलं होतं, हिरवे कमी पडले म्हणून. दुकानदाराने डबे पुढे सरकवले आणि पुन्हा छताकडे बघितलं. हेही त्याचं बोलणंच.

भरताना विचार स्पष्ट होत गेला. नेमबाजी नव्वद टक्के मनाची असते, ही स्वतःच म्हणते. मनाला पांढरा डबा हवा. तो आहे. उरले दहा टक्के. तिथे हिरवा आहे, जो तिन्ही बंदुकांत तपासलेला आहे. म्हणजे तिन्ही नव्हे, दोन. पण दोन म्हणजे बहुमत.

दिसायलाही तसंच, साधं शिसं, वर मेण. बुडावरचा शिक्का तेवढा वेगळा. जवळचं वाचायला हिला चष्मा लागतो, आणि रेंजवर ती तो लावत नाही. लक्षात आलं तसं लिहिलं, एवढंच.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

उद्या सांगायचं. एक दिवस हातात असला की काहीतरी करता येतं, कोणाकडून उसनी आणता येतील. सकाळच्या चहाला. शांतपणे, आकड्यांसह.

शनिवार, २४ फेब्रुवारी

चहाला मेहुणा आला. त्याच्यासमोर नको.

दुपारी ही झोपली. झोपेतून उठवून काय सांगायचं.

संध्याकाळी ती जॅकेट घालून आरशासमोर उभी. ते जाड जॅकेट घातलं की ती रोबोसारखी चालते, आम्ही दोघं दरवर्षी हसतो. आजही हसलो. मग म्हणाली, "उद्या माझ्या मागेच बसा हं. मागे तुम्ही आहात म्हटलं की मला मागे बघावं लागत नाही."

मी म्हटलं, बसतो.

सांगितलं नाही. आता सांगणं म्हणजे तिचं मन बिघडवणं. कालपर्यंत सांगणं योग्य होतं, आज न सांगणं योग्य आहे. परिस्थिती बदलली, मी नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी. संध्याकाळ.

मागे बसलो होतो.

सरावाच्या गोळ्या ठीक. मी मेहुण्याकडे विजयाने पाहिलं. त्याला काही कळलं नाही, त्याने मला पेपरमिंट दिलं.

मग सुरू झालं. चार-पाच गोळ्या मध्यभागी, एकीला एक चिकटून, आणि पुढची थेट बाहेर. ही थांबली. श्वास घेतला. नेम धरायच्या साइटचे दोन क्लिक फिरवले. पुन्हा तीन मध्यभागी, एक बाहेर. तिने क्लिक परत फिरवले. एकदा नुसतं टक झालं, तेव्हा तिने ते काडतूस काढून बाजूला ठेवलं, बघितलंही नाही. मग कोपर उचलून पुन्हा ठेवलं. पट्टा सैल केला. पट्टा घट्ट केला. मेहुणा पुटपुटला, "ताई असं कधी करत नाही. आज काय झालंय तिला?"

तिला काही झालं नव्हतं. ही गोष्ट त्या हॉलमध्ये एकट्या मला माहीत होती. उठून सांगता आलं असतं. नियमाप्रमाणे नेमबाजाशी बोलता येत नाही. नियम आहे म्हणून बरं वाटलं, आणि मग बरं वाटलं नाही.

अकरावी आली.

गाडीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "गंमत म्हणजे बार सुटताना प्रत्येक वेळी वाटत होतं, ही छान गेली. आणि ती बाहेर. म्हणजे मी हलते, आणि मला ते कळतही नाही." मेहुणा मागून म्हणाला, अगं एखादा दिवस असतो. ती म्हणाली, "दिवस नाही रे. कळेनासं झालं की संपलं. उगाच ओढायचं कशाला?"

घरी आल्यावर मला म्हणाली, "रायफलीला कोणी गिऱ्हाईक मिळतंय का बघा. तुमची दुकानदाराशी ओळख आहे."

मी म्हटलं, बघतो.

सांगायचे तीन मसुदे केले. पहिला तांत्रिक आहे. त्यात लॉटमधला फरक येतो, मी येत नाही. दुसऱ्यात मी येतो, पण शेवटी. तिसऱ्यात पहिलंच वाक्य माझ्यापासून सुरू होतं आणि पुढे काय लिहायचं ते सुचत नाही.

ही आतल्या खोलीत जॅकेटचे पट्टे सोडतेय. एकेक.

सोमवार, २६ फेब्रुवारी

सकाळी सांगितलं. मसुद्यातलं काही आठवलं नाही. ती बूट घालत होती. म्हटलं, काल पांढऱ्या डब्यांत हिरवी होती. मी भरली. पांढरी मी संपवली.

ती वाकलेली तशीच राहिली. मग विचारलं, "कशात?"

म्हटलं, पिस्तुलात. थोडी तुझ्या भावाच्या बंदुकीत.

"पिस्तुलात," ती म्हणाली.

मग नाडी बांधली. दवाखान्यात फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. भावाला फोन करून म्हणाली, रेंजवर ये, माझ्या रायफलीला कुठलं मानवतं ते बघायचंय. कपाटातून रायफल काढली, निळ्या, लाल, पिवळ्या डब्यांत जे उरलं होतं ते बॅगेत टाकलं. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली बरोबर नेली.

मी ऑफिसला गेलो.