वाडीत वाटलेल्या गोळ्या

तुडील, बौद्धवाडी
६ ऑगस्ट १९८४

ती. भिकूदादास,
धाकट्या चंद्राचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझी भाची गौतमी मस्त हाय. मुंबईच्या दवाखान्यातून आणल्यापासून ताप नाय, अंथरूण ओलं नाय, दिवसभर पायाला भिंगरी. मामाकडे परत कधी जायचं म्हणून डोकं खाते.

गोळ्या चांगल्याच लागू पडल्या. सासूबाई म्हणाल्या, पोर बरी झाली, आता कशाला औषध कोंबतेस गो? उरलेल्या त्यांनी वाडीत वाटून टाकल्या. ठमाबाईचा नातू तापाने फणफणला होता, तो उठून बसला. आता सगळ्या त्यांना डॉक्टरीणबाई म्हणून चिडवतात!

वहिनीला जयभीम. लोभ हायच, तो आटू देऊ नकोस.
तुझी चंद्रा

परळ, मुंबई
११ ऑगस्ट १९८४

चि. चंद्रास,
सप्रेम जयभीम.

अगो, काय करून बसलात! त्या गोळ्या ताप उतरवायच्या नव्हत्या. गौतमीची लघवी खाली न उतरता उलटी मूत्रपिंडात चढते, जन्मापासूनच. त्यानेच परत परत ताप येत होता. डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवून दाखवलं ना, उजवं मूत्रपिंड सुकलंय म्हणून? डावं जपायचं, म्हणून पोर बरी असतानाही रोज गोळी द्यायची होती.

शेजारचा हैबती उद्या गावाला निघतोय, त्याच्याबरोबर नव्या गोळ्या देतो. पाणी भरपूर पाज. जरा कणकण वाटली तर काढे उकळत बसू नकोस, सरळ महाड गाठ. सासूबाईंना बोलू नकोस, त्यांच्या मनात पाप नव्हतं.

रागावलोय, पण माया तसूभर कमी नाही.
भिकू

महाड
१६ ऑगस्ट १९८४

दादा, जयभीम.

हैबती पोचला त्याच्या आधीच गौतमीला हुडहुडी भरून ताप चढला होता. पाठीला हात लावू देईना. तुझं पत्र वाचून दाखवलं तशा सासूबाई दारोदार पदर पसरत फिरल्या, गोळ्या परत द्या गो म्हणून. कोणाकडे उरल्यात! तू पाठवलेल्या दिल्या, त्या पोटात राहीनात. शेवटी यांनी खांद्यावर घालून तिला इथे दवाखान्यात आणली.

तोंड सुजलंय. लघवी थेंबभर. डॉक्टर म्हणाले, डावंही गेलं असावं, मुंबईला हलवा. सासूबाईंना शिव्या घालाव्यात असं वाटतं, पण त्या पोरीच्या पायाशी अन्नाविना बसल्यात. मी काय करू रे दादा?

सलाईन संपलं की उद्या सकाळच्या एस.टी.ने निघतो. हैबती आजच परततोय, त्याच्या हाती हे देते. इथला कंपाउंडर म्हणाला, मुंबईत आईचं मूत्रपिंड लेकराला बसवतात. तू पत्र मिळताच दवाखान्यात जाऊन विचार. माझं घ्या म्हणावं, दोन्ही घ्या.

डॉक्टर नाय म्हणाले, तर आम्हाला घ्यायला येशील तेव्हा स्टँडवर मला सांगू नकोस. पोर खांद्यावर असेल, तिला आता सगळं कळतं.

राग माझ्यावर काढ, तिच्यावर लोभ ठेव.
चंद्रा