आत्या, तुझ्या त्या फोनबद्दल

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. गुडघ्याने एव्हाना तुझ्याशी समेट केला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक. तुझी भाचेसून म्हणते, माझ्या तोंडावर पुन्हा रंग दिसायला लागलाय.

कंपनी सावरली, आत्या! गेल्या वर्षी मी तिथे साहेब झालो, तेव्हा तू फक्त 'सांभाळून रे' म्हणाली होतीस. प्रिंटर बनवणारी एवढी अवाढव्य कंपनी, पण पाच वर्षांत सहा साहेब बदललेले. दारावर माझ्या नावाची पाटी लावायला आलेल्या सुताराने एकच स्क्रू पिळला आणि म्हणाला, "दुसरा सहा महिन्यांनी बघू, साहेब." (माणूस अनुभवी होता.) मग तज्ज्ञ मंडळींनी दीडशे पानांचा आराखडा केला. त्यातलं मला एवढंच कळलं, की दुरुस्ती विभाग बंद करून नऊशे माणसं घरी पाठवायची. मी मान डोलावली. (काही कळलं नाही की मी मान डोलावतो, हे तू शाळेपासून बघते आहेस.) सहीच्या दिवशी सकाळी नेमकी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर रुसली. तिथे तक्रारींची खोली. तिथल्या मुख्य बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं, "नवीन ना? उशीर झालाय, बसा," म्हणून फोनसमोर बसवलं आणि निघून गेल्या. पहिलाच फोन आला, तो तुझा!

तुझा आवाज मी पहिल्याच वाक्याला ओळखला. चाळीस मिनिटांत 'हो बाई' यापलीकडे गेलो नाही, म्हणून तू मला ओळखलं नाहीस. प्रिंटर काय, बिघडतोच, त्याचा राग नाही, म्हणालीस; पण अकरा वेळा फोन केला आणि अकराही जणांनी 'नाव काय'पासून सुरुवात केली. "तुमच्याकडे शहाणा माणूस एकच, तो दुरुस्तीवाला. म्हणाला, बाई, चूक बनवतानाचीच आहे. आम्ही वहीत लिहितो, पण वही कोणी मागत नाही."

मी जिन्याने खाली गेलो आणि वही मागितली. दुरुस्तीतले सगळ्यात जुने पानाकाका (खिशात कायम पाना, म्हणून हे नाव) यांनी कपाट उघडलं. एकशे बारा वह्या! "बंद करायला आलात की वाचायला?" त्यांनी विचारलं. सहीचा कागद माझ्या हातातच होता. आत्या, मला फार लाज वाटली.

सही केली नाही. यंत्रं आखणाऱ्या इंजिनिअरांच्या शेजारी दुरुस्तीवाल्यांना बसवलं. पंधरा दिवस अबोला, सोळाव्या दिवशी कडाक्याचं भांडण, आणि मग कामाला लागले. नव्या यंत्राच्या तक्रारी निम्म्यावर आल्या, गेलेलं गिऱ्हाईक परत आलं, नऊशेतला एकही घरी गेला नाही. संध्याकाळी ती माणसं डबे हलवत फाटकातून बाहेर पडतात, तेव्हा मी खिडकीतून बघत राहतो. तुझे उपकार फिटायचे नाहीत.

तुझा,
भाचा

ता. क. : ही दृष्टी कुठून आली, असं संचालकांनी विचारलं. मी 'दीर्घ अभ्यासातून' म्हणालो. माफ कर.

ता. ता. क. : आता मूळ काम. तक्रारींचे फोन रेकॉर्ड होतात, हे मला ठाऊक नव्हतं. (साहेब असून.) दुरुस्तीवाल्यांनी तुझा फोन शोधून काढलाय, आणि शुक्रवारी सगळ्या कंपनीसमोर तो ऐकवायचा बेत आहे. परवानगीचा फॉर्म सोबत आहे. सही कर, पण 'चौथं मिनिट वगळून' असं लिही. त्यात तू म्हणतेस, "तुमचा साहेब माझाच भाचा आहे. पण त्याला सांगून काय उपयोग? त्याला सायकलची चेनसुद्धा बसवता येत नाही."

आत्ताच पानाकाका येऊन गेले. नऊशे जणांची विनंती आहे म्हणाले : चौथं मिनिट राहू द्या, हवं तर बाकीचं वगळा.