पोस्टरवरचं कपाळ

१४ फेब्रुवारी २०२४

नागपूरच्या संस्थेच्या मंजुषा मॅडम आल्या, सोबत कॅमेरावाला. कारखान्याचं घाण पाणी तलावात यायला लागल्यापासून आमची मासोळी मरून उताणी पडते. मॅडम म्हणतात, तलाव मारणं हा जगाच्या मोठ्या कोर्टातला गुन्हा व्हायला पाहिजे. तिथं आज लढायांचे, कत्तलींचे खटले चालतात. आमचा तलाव त्यात बसत नाही. बसवायचा तर आधी जगाला एक चेहरा दाखवावा लागतो म्हणे.

चेहरा निवडला माझ्या धाकट्या जावेचा — प्रेमिलाचा. मी विचारलं, माझा काऊन नाई? "तुमी खात्यापित्या दिसता बाई," प्रेमिलाच बोलली. मॅडमलाही हसू आलं.

१५ फेब्रुवारी

तलावाच्या पाळीवर फोटो. हाती फाटकं जाळं पाहिजे होतं. आमच्या घरी फाटकं जाळं ठेवतच नाहीत, लगेच विणतात. शेजारून मागून आणलं!

मग कॅमेरावाला म्हणाला, कुंकू पुसा, बांगड्या उतरवा, दुःख दिसत नाही. प्रेमिला जाळं टाकून उठली. "माहा नवरा घरी खाटेवर हाये. त्याच्या जीवावर उठू काय मी?"

लहानू भाऊजी, माझे दीर, त्या पाण्यात उतरून पायाच्या जखमांनी खाटेला लागले. त्यांच्यासाठीच तर ही धडपड. मॅडमनं माफी मागितली. फोटो कुंकवासकट निघाले.

९ मार्च

मार्कंड्याच्या जत्रेतून आले. महादेवाला सांगितलं — दिराचे पाय बरे कर, तलावाची दाद लागू दे.

डोक्यात एकच घोळ. न्यायाला जाहिरात कशाला? महादेवाला लागते का? मग आठवलं, रस्ताभर कमानी होत्या, फलक होते. आणि मी प्रसाद घेतला तो ज्याचा भोंगा मोठा त्याच दुकानातून. कोर्टाला कोणत्या तोंडानं नावं ठेवू?

२० एप्रिल

पोस्टर आलं. कापड जाड आहे, सरपणावर घालायला बरं — मनात आलंच. खाली इंग्रजी ओळ, कोपऱ्यात मासोळीच्या काट्याचं चिन्ह.

प्रेमिलाच्या कपाळावर कुंकू नाही. हात उघडे. कॉम्प्युटरवर पुसलं.

लहानू भाऊजींनी पोस्टर खाटेजवळ मागून घेतलं. "मंग मी कवा मेलो?"

प्रेमिला जेवली नाही. मी मॅडमला फोन केला. म्हणाल्या, चूक झाली ताई, पण विदेशात लोक थांबून बघतात, त्याच्यामुळंच हा गुन्हा कायद्यात घ्यायचा का हे ठरवणाऱ्या तिथल्या वकिलांपुढं साक्षीची तारीख मिळाली. हेही खोटं नसावं. देवा, दोन्ही कसं खरं?

१७ जून

सावलीला, तालुक्याच्या गावी, कॉम्प्युटरसमोर प्रेमिलाची साक्ष. पलीकडे विदेशातले वकील, कारखान्याचाही एक. त्यानं तलावाचं विचारलंच नाही. पोस्टर दाखवलं — यातली विधवा खरी, की समोर बसलेली बाई?

आम्ही सोबत नेलेल्या लहानू भाऊजींना खुर्चीसकट उचलून पुढं आणलं. "मी हिचा नवरा. जित्ता हाये."

वेळ संपली. लिहून घेतलं ते एवढंच, तलाव राहूनच गेला.