जून महिन्याची पोटगी

भाईंदर
रविवार, १७ जानेवारी १९७१

प्रिय सुलू,

बापाने लेकीला पत्र लिहिताना 'चि.' घालून अनेक आशीर्वादांनी सुरुवात करायची असते, हे पोस्टमनला कुणी शिकवायला नको. पण साडेतीन वर्षांत एक ओळ न लिहिलेल्या माणसाने एकदम आशीर्वाद द्यायला लागणं मला बरं दिसेना, म्हणून नुसतं प्रिय लिहिलं आहे. पाकिटावर तिकीट लावलं आहे. बाबाजी म्हणाला, मीच तर नेऊन देणार, तिकीट कशाला फुकट घालवता. बाबाजी म्हणजे तुमच्या काशीगावची बीट, म्हणजे टपालाची रोजची फेरी, करणारा आमच्या ऑफिसातला पोस्टमन, तू त्याला चांगली ओळखतेस. मी म्हटलं, असू दे, आमच्याकडून एक तरी गोष्ट नियमाने होऊ दे.

कोर्टाची बातमी तुझ्या कानावर आली असेलच. तरी माझ्या बाजूने एकदा सांगतो, म्हणजे ऐकीव राहणार नाही. गेल्या मंगळवारी ठाण्याला तारीख होती. तुझ्या खर्चासाठी दरमहा पंचवीस रुपये द्यावेत असा हुकूम माझ्यावर सदुसष्ट सालच्या मे महिन्यात झाला होता. ते मी दिले नाहीत. साडेतीन वर्षांचे थकले असले तरी कायद्याने मागच्या एकाच वर्षाची वसुली होते, म्हणजे तीनशे रुपये. त्यातले एकशे चाळीस मी भरले. उरलेले उद्या सोमवारी भरले नाहीत तर महिनाभर तुरुंग, असं मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बजावलं आहे. ते भरले जाणार नाहीत. मनगटी घड्याळ विकलं, सायकल विकली, सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर आहे आणि हात पसरण्यासारखी घरं माझी पूर्वीच वापरून झाली आहेत. तेव्हा उद्या मी जाणार, हे धरून चाल. महिना भोगून आलो म्हणजे पैसे फिटले असंही नसतं. ते तुला द्यायचेच राहतात. हे मला कोर्टात कळलं, आणि ते मला योग्यही वाटलं.

त्या दिवशीचा प्रवास मात्र गमतीचा झाला. ठाण्याला जायला आमच्या इथून सकाळची एकच सोयीची एसटी, तीच पुढे काशीमिऱ्याच्या नाक्यावर थांबते. तिथे तुझी आई आणि धर्माजीमामा चढले. मी मागच्या बाकावर होतो. अर्जदार आणि सामनेवाला एकाच गाडीने खटल्याला निघालेत हे त्या कंडक्टरला ठाऊक नव्हतं. त्याने तुझ्या आईजवळ सुटे मागितले, ते तिच्याकडे नव्हते, आणि तो सगळ्या गाडीला विचारत मागे माझ्यापर्यंत आला. माझ्याकडे होते. मी दिले. घोडबंदरच्या वळणापाशी तुझ्या आईने एकदा मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहिलं. तिने अंबाड्यात अबोली माळली होती. कोर्टात जाताना कुणी फुलं माळतं का, असं मला वाटलं. मग वाटलं, तिने माळावीत. लाज मला वाटायला हवी होती, तिला नाही.

आपण एकत्र होतो तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, तुला किती आठवतं कोण जाणे. आपण राईच्या रस्त्याला, मिठागराच्या बांधालगत दोन खोल्यांत राहत होतो. माझी आई, म्हणजे तुझी जिजाआजी, दापोलीहून माझ्याकडे राहायला आली आणि तिने स्वतःसाठी पाण्याचा वेगळा हंडा मांडला. तुझ्या आईच्या हातचं पाणीसुद्धा तिला चालेना. आपल्या जातीबाहेरची, आगऱ्यांची मुलगी लेकाने केली हे तिने शेवटपर्यंत पचवलं नाही. तुझी आई वर्षभर काही बोलली नाही. मग एक दिवस तिने तो हंडा उचलून दारात ओतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधत होतो. मी काहीच बोललो नाही, आणि माझं ते न बोलणं तिने नीट ऐकलं. संध्याकाळी मी बीट करून आलो तेव्हा तुम्ही दोघी गेला होतात. अशा वेळी नवऱ्याने चार दिवसांनी सासुरवाडीला जाऊन बायकोला घेऊन यायचं असतं. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. पुढे पुढे तर तुमच्या बाजूच्या रस्त्यालाही जाईनासा झालो. तिने चार वर्षं वाट पाहून अर्ज केला तोही फक्त तुझ्यापुरता. स्वतःसाठी तिने एक पैसा मागितला नाही. वकिलाने तिला सांगून पाहिलं होतं म्हणे.

हुकूम झाला तेव्हा माझ्या वकिलाच्या कारकुनाने मला बाजूला घेऊन सल्ला दिला. पैसे हातात देऊ नका, मनिऑर्डर करा, आणि दर वेळी फॉर्मच्या कुपनावर, मजकुराच्या जागेत, महिन्याचं नाव घालून 'पोटगी' असं स्पष्ट लिहा, नाहीतर उद्या बाई म्हणेल की ते मुलीला खाऊला दिले होते. मला ते पटलं. काशीगाव इथून चालत दीड तासाचं. एवढ्याशा अंतरावर मनिऑर्डर करणारा त्या ऑफिसात मी पहिलाच असेन. फॉर्म आमच्याच काउंटरवरून घेतला, आमच्याच पोस्टमास्तरांनी शिक्का मारला, आणि शेजारी बसणाऱ्या बाबाजीच्या थैलीत तो गेला. कुपनावर मी लिहिलं, 'जून महिन्याची पोटगी'. खाली सही. तुझं नाव लिहायला जागा होती, पण कारकुनाने ते सांगितलं नव्हतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. गावात मनिऑर्डर घेऊन गेलो की पोस्टमनला कुपन मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. घेणाऱ्याला वाचता येत नाही, आणि आळीतल्या चार बायका पैसे मोजायला नाही तरी मजकूर ऐकायला जमतातच. मुंबईच्या मिलमधला मुलगा आईला लिहितो, 'पुन्हा पुन्हा मागू नये, पैशाचं झाड लागलेलं नाही.' ते मी कसं वाचणार? मी वाचतो, 'तब्येतीला जपावे.' म्हातारी खूश होते आणि मला ताक देते. हे नियमात बसत नाही, पण भाईंदरपासून उत्तनपर्यंत प्रत्येक पोस्टमन हे करतो. जो शब्द चारचौघांत वाचण्यासारखा नसतो तो आम्ही गिळतो. बाबाजी तर या कामात माझ्यापेक्षा पक्का. म्हणून 'पोटगी' लिहिताना माझा हात थांबला नाही. तो शब्द कोर्टासाठी होता. शेवंतीच्या, तुझ्या आईच्या, अंगणात तो ऐकू जाईल असं माझ्या मनातही आलं नाही.

मनिऑर्डर पोचली त्या दिवशी मात्र तो शब्द गाळला गेला नाही. अंगणात लावणीला निघालेल्या बायका होत्या, धर्माजीची बायको होती, शेजारची चंपा होती. आपल्या बाजूला पोटगी हा शब्द टाकून दिलेल्या बाईसाठी असतो. तोवर तुझी आई माहेरी राहायला आलेली होती, चार वर्षं झाली तरी राहायलाच आलेली होती. एका शब्दाने ती टाकलेली झाली. तिने सही करायला घेतलेला अंगठा पदराला पुसला आणि बाबाजीला सांगितलं, परत ने. फॉर्मवर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून तो माझ्याकडे परत आला. मंगळवारी साहेबांनी तिला विचारलं, बाई, तुम्हीच पैसे नाकारलेत ना? ती म्हणाली, "पैशाला मी न्हाय बोलले नाय साहेब, त्या शब्दाला बोलले." साहेबांनी ते लिहून घेतलं की नाही, माझ्या लक्षात आलं नाही.

माझ्या वकिलाने त्या नकारावर बराच किल्ला लढवला. पाठवले होते, घेतले नाहीत, आमचा काय दोष. साहेब म्हणाले, मग कोर्टात भरायचे. ते बरोबर बोलले. मला त्या क्षणी उगाच बाबाजीची आठवण झाली, कारण तोही मला सदुसष्ट साली हेच म्हणाला होता, फक्त त्याने शिवी घालून म्हटलं होतं.

नोकरीचं काय होईल ते सांगून ठेवतो, कारण लोक वाढवून सांगतील. सरकारी माणूस अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की आपोआप निलंबित होतो. चौकशी होईल. कदाचित परत घेतील, कदाचित नाही. माझी बीट तूर्त राघो म्हणून नवा पोरगा आहे त्याच्याकडे जाईल. त्याला मी काल राईची सगळी घरं दाखवून आणली, कुठलं कुत्रं चावतं तेही सांगितलं. खोली मी सोडली नाही. मास्तर भला माणूस आहे, तो म्हणाला, अर्धा पगार सुरू झाला तर त्यातले पंचवीस परस्पर ठाण्याच्या कोर्टात भरायची सोय करता येते. त्याचा अर्ज मी सही करून दिला आहे. तू आठवीला भाईंदरच्या हायस्कुलात येणार आणि त्यासाठीच तुझ्या आईने हा तगादा लावला, हेही मला मंगळवारीच कळलं. शाळेची इमारत माझ्या बीटवर आहे. पावसात दक्षिणेकडच्या वर्गात पाणी येतं, तेव्हा उत्तरेकडच्या तुकडीत बसायला मिळालं तर बघ.

आता मूळ गोष्ट. मंगळवारी साहेब जेवायला उठले तेव्हा धर्माजीमामा कोर्टाबाहेरच्या हॉटेलात माझ्यासमोर येऊन बसला. मी चहा मागवला, त्याने तो संपवला, कप बाजूला सारला आणि म्हणाला, "भावजी, पोरगी चार दिस जेवली न्हाय." मग त्याने सांगितलं. मनिऑर्डर आली त्या दिवशी पाऊस होता, बाबाजीच्या हातात छत्री आणि थैली होती, आणि तू नुकतीच चौथीत गेली होतीस. मी वाचते म्हणून तू कुपन त्याच्या हातातून ओढून घेतलंस आणि सगळ्यांपुढे उभी राहून वाचलंस. माझ्या बापाचं पत्र आलंय, असं आधी ओरडून सांगितलंस. हे मला नवीन नव्हतं. बाबाजीने त्याच संध्याकाळी मला सांगितलं होतं. नवीन होतं ते पुढचं. त्या दिवसापासून तू शाळेत मोठ्याने वाचत नाहीस, बाईंनी उभं केलं तरी गप्प राहतेस, मार खातेस. आणि आता बापाला तुरुंग होणार तो मी वाचलं म्हणून, असं तू आईला म्हणालीस. सुलू, म्हणून हे पत्र लिहितोय. तू बरोबर वाचलंस. काना, मात्रा, काही चुकलं नाही. जे लिहिलं होतं ते मी लिहिलं होतं. आणि दुसरं जे कुणालाच ठाऊक नाही, कोर्टालाही नाही, ते तुला सांगतो. ती मनिऑर्डर परत आली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या पंचवीस रुपयांत मी स्वतःसाठी जुनं मनगटी घड्याळ घेतलं, थोडे वर घालून. दुसऱ्याच दिवशी तो शब्द न लिहिता मी पुन्हा पाठवू शकलो असतो. दीड तास चालत येऊन तुझ्या हातात देऊ शकलो असतो. तुझ्या आईने त्या अंगणात मला बसायला पाटसुद्धा दिला असता, ती तशी बाई आहे. मला कारण हवं होतं, ते मिळालं, आणि मी ते साडेतीन वर्षं वापरलं. तुरुंग त्याचा आहे. तुझा त्यात काही भाग नाही. आईला हे पत्र वाचून दाखव. तिला वाचता येत नाही, आणि बाबाजीला मी सांगितलं आहे की पाकीट फक्त सुलूच्या हातात द्यायचं. मोठ्याने वाच, एकही शब्द गाळू नकोस.

तुझाच,
बाबा