आठ मिनिटांची रांग

सोमवार
...म्हणजे दुसरी खुर्ची हवीच कशाला? हेच तर मी कालपासून म्हणतोय. रक्ततपासणीची लॅब बारा तास उघडी. दिवसाला १२० पेशंट, म्हणजे तासाला दहा. रक्त काढायला चार मिनिटं, म्हणजे एक खुर्ची तासाला पंधरा जण उरकते. क्यूइंग थिअरीच्या (रांगांचं गणित) फॉर्म्युल्यात घातलं. सरासरी वेटिंग: आठ मिनिटं! शुक्रवारी माझं प्रोबेशन संपतंय. झालोच पर्मनंट.

संकल्प: 'गर्दी' म्हणायचं नाही. 'कंजेशन' म्हणायचं.

मंगळवार
डॉक्टरसाहेबांना ग्राफ दाखवला. म्हणाले, शुक्रवारी करून बघ, पण निस्तरायचं तूच. (दुसरा भाग फॉर्मॅलिटी.) दुसऱ्या खुर्चीवरच्या धाकट्या ताई शुक्रवारपासून दुसऱ्या शाखेत.

मोठ्या ताई वीस वर्षं रक्त काढतायत. विचारतात, बाळा, सकाळी सातला कधी आलायस का रे इथे? म्हटलं, माझी ड्यूटी दहाची आणि डेटा बाराही तासांचा. हसल्या. टेक्निकल नाहीत, चालायचंच.

बुधवार, दुपारी ३
लॅबमध्ये चिटपाखरू नाही. दोघी ताई स्वेटर विणतायत. खरं तर एक खुर्चीही जास्तच होते. हे शुक्रवारनंतर मांडू.

गुरुवार
आईला शुगरची टेस्ट करायचीय. म्हटलं, उद्या आठला ये, आठ वाजून आठ मिनिटांनी खुर्चीत. धाकटी बहीण म्हणाली, आई, पुस्तक घेऊन जा, जाडसं. दुर्लक्ष केलं.

शुक्रवार, ७:००
दार उघडायच्या आधीच वीस जण. लोकांनी मॉडेल वाचलेलं नाही. दिवसभर पसरून यायला काय होतं?

८:००
आईचं टोकन ४१. आत नंबर पंधरा. कंजेशन तात्पुरतं आहे.

८:४५
कंजेशन भिंतीला वळसा घालून जिन्यापर्यंत. एक काका ओरडले, काल रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही! मागून सगळेच ओरडले, आमच्याही नाही! शीट उघडली. 'उपाशीपोटी टेस्ट' असा कॉलम होता की. मीच हाईड केला होता. शीट फार रुंद होत होती.

९:२०
आईला घाम फुटला, ती मटकन खाली बसली. मोठ्या ताईंनी रांग थांबवून स्वतःच्या डब्यातली बिस्किटं तिच्या तोंडात कोंबली. टेस्ट बाद. ते बघून काका म्हणाले, खड्ड्यात गेली टेस्ट, आणि समोरच्या कँटीनकडे निघाले. मागोमाग सगळे.

९:४०
रांगेत शून्य माणसं. सिस्टिम स्टेबल. स्क्रीनशॉट घेतला.

संध्याकाळी ६
साहेबांनी स्क्रीनशॉट बघितला नाही. धाकट्या ताई उद्यापासून परत. प्रोबेशन सहा महिने वाढलं. नवी ड्यूटी: सकाळी साडेसहाला दारात उभं राहून टोकन वाटणे. मोठ्या ताई म्हणाल्या, खिशात बिस्किटांचा पुडा ठेव, तुझ्यासाठी नाही.

आई उद्या पुन्हा उपाशी येणार. म्हणाली, तुझ्याशी तेव्हाच बोलेन, टोकन घेताना.

सकाळचे दोन तास सोडले तर उरलेल्या दहा तासांत माझं मॉडेल अगदी अचूक आहे. डायरे, तू तटस्थ आहेस, तूच सांग: चूक मॉडेलची, की सगळ्यांना एकदम भूक लागते तिची?