चाक हललं की हात सोडायचे

जालना स्टेशन,
फाल्गुन वद्य पंचमी, सन १३२२ फसली

प्रिय रामकिसन,

तुझं पत्र पैठणला माझ्यामागं फिरून शेवटी इथं हातात पडलं. तू लिहितोस, पंचांनी ठरवलं. येत्या चैत्री पुनवेच्या जत्रेत साखरावहिनीनं खंडोबापुढं उभं राहून कबूल करायचं, की विटाळात असताना तिनं बारा गाड्या ओढायच्या आधी नवऱ्याच्या, माझ्या धुळाजीदादाच्या, कमरेला शेला बांधला, म्हणून देव रुसला आणि दादा गाड्यांखाली गेला. नाही केलं तर तिनं गाव सोडायचं, आणि तिची पोर, मुक्ता, माझ्या घरच्या म्हाताऱ्यांकडं ठेवायची. तीन दिवस पत्र खिशात घेऊन हिंडतोय. स्टेशनाबाहेर एक सुरमेवाला पठाण बसतो, त्याची मैना गिऱ्हाइकाला शिव्या घालते. काल दिवसभर तिच्यापुढंच उकिडवा बसलो होतो. कुठंही बसलो तरी पत्र टोचतंच.

मी इथं हमाली करतो. इंजिन मोकळं नसलं की कापसाच्या गाठींनी भरलेला डबा आम्ही दहाजण खांदा लावून धक्क्याला नेतो. आधी वाटतं, भिंतच ढकलतोय. मग चाक करकरतं, बोटभर सरकतं. पहिल्या दिवशी मी त्यापुढंही रेटतच राहिलो, तर इमामभाई जमादारानं मानगूट धरून मागं ओढलं. 'डब्बा चल पडा तो हात निकाल, बेवकूफ! आगेवाला मरेगा.' दुपारी भाकरी खाताना त्यानं समजावलं. रिकामा डबा पळत आला तरी चौघं अडवतात, भरलेला मुंगीच्या पावलानं आला तरी छाती फोडतो. आणि खांदा लागलेला असेतोवर वेग आहे तेवढाच राहत नाही, पावलागणिक वाढत जातो. वीस पावलं रेटलेला डबा थांबवायला तेवढ्याच जोरानं वीस पावलं उलटं रेटावं लागतं. तेवढी जागा नसली तर सगळा जोर एका जागी, एकदम बसतो. शाळेत मी तिसरीतच पळालो, पण हे एका दुपारीत कळलं. कळलं आणि उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

मग मी त्याला आपल्या बारा गाड्या सांगितल्या. बैल सोडून बारा गाड्या एकीमागं एक बांधायच्या, त्यात माणसं खच्चून बसवायची, पुढचा दोर भगताच्या कमरेला, आणि देवाच्या नावानं त्यानं त्या पळवत न्यायच्या. आमचा भाऊ त्यातच गेला, बायकोच्या विटाळानं, असं म्हणालो. इमामभाई न हसता म्हणाला, 'पीछे कौन था?'

मी म्हणालो, माहीत न्हाई.

रामकिसन, मागं आपण दोघं होतो. शेवटच्या गाडीला, तू डाव्या अंगाला, मी उजव्या. चाक हललं की हात सोडायचे, हा आपल्या आज्यापासूनचा रिवाज. तू सोडलेस. मी सोडले न्हाईत. आदल्या साली शेजारच्या तलवाड्याच्या भगतानं चिंचेपर्यंत गाड्या नेल्या होत्या आणि त्यांची पोरं आपल्याला वर्षभर हिणवत होती. माझा दादा चिंचेच्याही पुढं, ओढ्यापर्यंत जावा, एवढंच डोक्यात होतं. उतार लागला तरी मी रेटत होतो. तू ओरडलास, 'सोड बे म्हाळ्या, सोड!' मला वाटलं, तू भितोस. तीस पावलं तरी मी त्या गाड्यांत जोर मुरवला. दादा अडखळला तेव्हा दोर ढिला होता, गाड्या त्याच्यापेक्षा जोरात धावत होत्या. माझी तीस पावलं त्याच्या बरगड्यांनी एका झटक्यात घेतली. पुढच्या गाडीचं जू त्याच्या पाठीत घुसलं ते तूही पाहिलंस.

तेराव्याला वहिनी सगळ्यांपुढं सांगत होती, 'मी न्हाले होते हो, देवाशपथ न्हाले होते.' तू माझ्याकडं पाहिलंस. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलो. दुसऱ्या दिवशी पैठणचा रस्ता धरला. दोस्ती राखायची म्हणून तू गप्प बसलास, हे मला ठाऊक आहे. तुझ्या त्या गप्प बसण्यावर मी दोन वर्षं जेवलो.

उद्या इथून निघतो. पण माझं तुला माहीत आहे, वाटेत मैना दिसली तरी मी बसतो, आणि या खेपेला तर भीतीही आहे. म्हणून पत्र आधी धाडतोय. मी पोचलो न पोचलो, पुनवेला वहिनीनं तोंड उघडायच्या आत हे सगळ्या गावापुढं वाच. म्हण, गाडी म्हाळूनं ढकलली, वहिनी शुद्ध होती. माझी आई छाती बडवेल, तरी थांबू नकोस. त्या दिवशी तू ओरडलास ते फक्त मला ऐकू गेलं, रामकिसन. आता गावाला ऐकू जाईल एवढं ओरड.

तुझाच,
म्हाळू