हातानं फिरणारा बॅकहो

आप्पा, मागच्या महिन्यात दादा आणि मी माधवनगरला गेलो होतो. तुमच्या कापडगिरणीच्या मागच्या बाजूला आता पत्र्याचं लांबलचक कुंपण झालंय आणि आत जुनी यंत्रं विकायला उभी असतात. आम्हाला बॅकहो बघायचा होता. हा शब्द तुम्हाला नवा असेल. जेसीबीच्या मागे खणायचा तो लांब, कोपरातून वाकणारा हात असतो ना, तोच. फक्त हा सुटा मिळतो आणि छोट्या मशीनला पुढून जोडता येतो. आपल्याकडे पहिल्यांदा जेसीबी आला तेव्हा मी शाळेतून परस्पर तिकडे गेले होते. तुम्ही मला शोधत आलात आणि मला घरी न्यायचं विसरून स्वतःच बघत उभे राहिलात. आई दोघांवरही चिडली होती. ही खोड तुमचीच, बरं का, आणि ती अजून गेलेली नाही.

दादाचं मशीन म्हणजे स्किड स्टीअर. चार चाकांचं बुटकं लोडर, पुढे बकेट, आणि जागच्या जागी गर्रकन फिरतं. महाबळेश्वरकडे स्ट्रॉबेरीच्या उतरत्या वावरांत मोठं मशीन वळत नाही, तिथं हे सहज वळतं. माती ढकलतं, खत भरतं, दगड उचलतं. पण खोल चर काही त्याला खणता येत नाही, आणि तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, चर खणून पाणी काढून दिलं नाही तर वावरच खाली चालू लागतं. त्यामुळे माणसं चराचं काम घेऊन येतात आणि दादाला नाही म्हणावं लागतं. नाही म्हटलं की त्या दिवशी तो जेवताना कुणाशी बोलत नाही.

याचं कारण सांगायला हवं, कारण ते तुमच्या माघारी घडलं. तुम्ही गेलात तेव्हा दादा नुकताच फौजेत भरती झाला होता. पुढे त्याच्या पलटणीची गाडी घाटात उलटली आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता कृत्रिम पाय आहे. वर पँट आणि बूट घातले की ओळखू येत नाही, आणि ओळखू येऊ नये म्हणून तो जरा जास्तच ताठ चालतो. पेन्शनवर आला तेव्हा बरेच महिने साताऱ्यातल्या घराच्या ओट्यावर नुसता बसून असायचा. मला फार भीती वाटायची त्या बसण्याची. मग त्यानं कुठंतरी बघितलं की या स्किड स्टीअरला पायाचं काहीच काम नसतं, सगळं दोन हातांनी चालतं. मशीन आलं आणि दादा परत बोलायला लागला. म्हणून बॅकहो घ्यायचा तर तो दादाला स्वतः चालवता आला पाहिजे, एवढीच माझी अट होती. नाहीतर ड्रायव्हर ठेवावा लागणार, ड्रायव्हर खणणार आणि दादा झाडाखाली बसून बघणार. ओटा बदलला असता, बाकी काही नाही.

कुंपणाच्या आत गेलो तर विकणारा एकदम बोलका माणूस. त्यानं आम्हाला सरळ एका चकचकीत बॅकहोपुढे उभं केलं. "ह्यो बगा ताई. लय कमी वापरलाय. पिना टाईट, सिलिंडरला वरखडा न्हाई. आन मज्जा बगा, बाजूला फिरवायला पायाची पॅडल हाईत. हात मोकळं ऱ्हात्यात. ड्रायवर लोक ह्योच मागत्यात." दादा म्हणाला, "अच्छा." मी त्याच्याकडे बघितलं तर तो त्या दोन पॅडलांकडे बघत होता, डावं आणि उजवं, नवी कोरी रबरं लावलेली. मी विचारलं, "हातानं फिरणारा नाही का तुमच्याकडे?" "हाय की, पर त्यो कशाला? त्यो जुना झालाय. आवं, पायाचाच घ्या, ऐका माझं." मी तोंड उघडलं आणि दादानं माझा दंड असा दाबला की कारण सांगायचं नाही हे मला कळलं. अपरिचित माणसापुढे तो कधीच सांगू देत नाही. "जुना दाखवा की," मी म्हणाले, "बघायला काय जातंय?"

आप्पा, इथं मला तुमच्या गिरणीतला खंडेनवमीचा दिवस आठवला. त्या एकाच दिवशी घरच्यांना आत सोडायचे. सगळे माग बंद, प्रत्येकाला झेंडूची माळ आणि हळदकुंकू. तुम्ही मला एकेक भाग दाखवत चालला आहात आणि मी विचारत सुटले आहे, हे काय, ते कशाला. एका मागाचा दांडा बाकीच्यांपेक्षा खाली वाकवलेला आहे. मी हसून म्हणते, हा माग लंगडा आहे का? आणि तुम्ही थांबता. तुमचा चेहरा असा होतो की माळ धरलेला माझा हात खाली येतो. "हसतीस काय? त्यो मागवाला बुटका हाय. त्येचा हात तेवढाच जातोय. मग दांड्यानं खाली यायचं का त्यानं उंच व्हायचं?" घरी येईपर्यंत तुम्ही माझ्या पुढे पुढेच चालत राहिलात, आणि दुसऱ्या दिवशी मला एक फिलर गेज आणून दिलात, पातळ पातळ पोलादी पानांचा जुडगा, फटी मोजायला. मैत्रिणींना दसऱ्याला बांगड्या मिळाल्या होत्या, मला हे. मी घरातली सगळी दारं-खिडक्या मोजून काढल्या. तुम्हाला तेव्हा काही सुचवायचं होतं की नुसती समजूत काढायची होती, हे विचारायचं राहूनच गेलं. मी आज कारखान्यात मापंच घेते, तर त्याला तो जुडगाच कारणीभूत असावा.

जुना बॅकहो ताडपत्रीखाली होता. ताडपत्री काढली आणि मी त्याच्या प्रेमातच पडले म्हणा ना. रंग कुठे पिवळा, कुठे गंज. सीट फाटलेली, तिला साखरेच्या पोत्याचं ठिगळ, आणि टाके इतके नीटस की शिवणारा माणूस घरी कुणाची तरी चोळी शिवत असणार. एका लिव्हरचा गोळा गेलेला, तिथं जीपच्या गिअरचा गोळा बसवलेला. बकेटच्या आतल्या कोपऱ्यात काळी माती दगडासारखी घट्ट झाली होती आणि तिच्यात शिंपल्याचे तुकडे. म्हणजे हा कृष्णाकाठी राबला. काय खणत होता? पाइपलाइनचे चर? कुणाच्या घराचा पाया? मी विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, माती घ्यायला आलाय का बॅकहो?" दादा हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच हसला.

मग मी पर्समधून तुमचा तोच जुडगा काढला आणि वाकले. सांध्यांच्या पिना झिजून सैल झाल्या होत्या, जुडग्यातली बरीच पानं आत गेली. पण पिना लेथवर नव्या करता येतात. खणायच्या हाताच्या मुळाशी जिथं तडा जातो तिथं तडा नव्हता, आणि सिलिंडरच्या दांड्या गुळगुळीत होत्या. हात हलवायला मशीनकडून किती तेल मागतो ते विचारलं, आमचं मशीन तेवढं देतं. वजनही झेपणारं. आणि फिरवायला, उचलायला, ओढायला, सगळ्याला हाताचे लिव्हर. दादानं दोन लिव्हर धरले, नुसतेच हलवले, आणि बराच वेळ सोडले नाहीत. विकणारा चक्रावला होता. "चांगला सोडून ह्यो का वो?" मी म्हटलं, "रंग आवडला." तो गंजाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला.

जोडायचं काम साताऱ्यात एका वर्कशॉपात केलं. स्किड स्टीअरच्या पुढच्या पाटीनं बॅकहोची चौकट वरून उचलून धरायची आणि खालच्या दोन खिट्ट्या दाबून बसवायच्या, इतकं सोपं. पण तेलाच्या पाइपांची तोंडं जुळेनात. ती बदलली, तर उचलायचं म्हटलं की हात खाली जायचा. पाइप उलटे लागले होते. ते सरळ केले. सीटवरचा माणूस उठला की मशीन तेल बंद करतं, ती सोय मेकॅनिक तार टाकून मोडायला निघाला होता. मी त्याच्याशी भांडले आणि बॅकहोच्या सीटसाठी कंपनीचं वेगळं स्विच येतं तेच घालायला लावलं. सगळं झालं, आणि मग मला दिसलं की सगळ्यात मोठी गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. मशीन चालू ठेवून दादाला केबिनमधून पुढे निघायचं आणि चौकट ओलांडून बॅकहोच्या सीटवर बसायचं. मध्ये वीतभर पायरी, तीही डाव्या बाजूला. हात, लिव्हर, पिना सगळं मोजलं मी, आणि ते एक पाऊल मोजायचं राहिलं. मेकॅनिक म्हणाला, "शिडी वेल्ड करू का?" दादा म्हणाला, "नगं. घरी न्या."

घराच्या मागे परसात मशीन उभं केलं. बॅकहोची बकेट आणि त्याचे आधाराचे दोन्ही लोखंडी पाय जमिनीला टेकवून दादा केबिनमध्ये बसला होता. इंजिन चालू. बाकी कुणी नव्हतं, मीच. तो म्हणाला, "तू जरा तिकडं बघ गं." मी वळले, विहिरीकडे तोंड केलं. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मग त्याची हाक आली, "हां, बघ आता!" वळले तर दादा बॅकहोच्या सीटवर, मांडीवर टॉवेल पसरलेला, हातात लिव्हर. लांब हात उठला, जरा डगमगला आणि परसातल्या मातीत घुसला. मी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "बसलास पण? कसा रे?" तो म्हणाला, "फौजी सीक्रेट हाय." उद्या तो महाबळेश्वरला पहिला चर खणायला जातोय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी वळून बघितलं होतं, आप्पा. त्यानं पाय काढला, नीट केबिनमध्ये ठेवला, वरच्या दोन्ही दांड्या धरल्या आणि स्वतःला नुसत्या हातांवर उचलून पलीकडे झोकून दिलं. आणि टॉवेल घ्यायच्या आधी थोडा वेळ तसाच बसला, गुडघ्याखाली उरलेला तेवढा पाय हलवत, ओट्यावर बसून पोरं पाय हलवतात तसा. मी चटकन तोंड फिरवलं. त्याला अजून वाटतंय की मी विहीर बघत होते.